पुस्तक मिटा

माझ्या भाचीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आता कोरी ओळ उरलेली नाही. पहिल्या वाचनात तिने महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, दुसऱ्या वाचनात फार महत्त्वाच्या गुलाबी केल्या, तिसऱ्या वाचनात जे काही राहिलं होतं ते हिरवं केलं. मागच्या रविवारी लातूरला तिच्या खोलीवर गेलो, तेव्हा तिने ते पुस्तक मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे ठेवलं. "मामा, किडनीचा चॅप्टर आठ वेळा झालाय."

मी म्हटलं, "मग पुस्तक मिट आणि मला एक नेफ्रॉन काढून दाखव."

तिने काढला. बोमनची वाटी, तिच्यात केशवाहिन्यांचा गुंता, पुढे वळणावळणाची नळी, मग हेन्लेचा लांब वेढा, खाली जाऊन पुन्हा वर येणारा. आकृती देखणी होती. मी विचारलं, "या वेढ्याच्या कुठल्या बाजूने पाणी बाहेर निघतं? खाली जाणाऱ्या की वर येणाऱ्या?" पेन हवेत थांबलं. "वर येणाऱ्या... नाही, थांबा... खाली जाणाऱ्या..." मग डोळे घट्ट मिटून म्हणाली, "मामा, ते उजव्या पानावर आहे. खालून तिसरी-चौथी ओळ. हिरवी केलीय मी."

पानावरची जागा तिला आठवत होती, ओळीचा रंग आठवत होता, उत्तर तेवढं आठवत नव्हतं. (पाणी खाली जाणाऱ्या बाजूने निघतं. वर येणारी बाजू पाण्याला वाट देत नाही, तिथून क्षार निघतात. 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, पेपरात हेच विधान उलटं करून टाकायला कितीसा वेळ लागतो?)

या मुलीकडे मेहनतीची कमतरता नाही. पहाटे पाचला उठते, रात्री बाराला निजते. किती वेळ बसायचं हे तिला सगळ्यांनी सांगितलं: मी सांगितलं, ताईने सांगितलं, वसमतहून दाजी रोज फोनवर सांगतात, क्लासचे सर तर सांगतातच. बसून नेमकं काय करायचं, हे दीड वर्षात एकानेही सांगितलं नाही. मीही नाही, आणि याची मला मनापासून लाज वाटते. म्हणून आजचं सदर.

* * *

घरोघर आपण तास मोजतो. तास दिसतात म्हणून मोजतो. दाराच्या फटीतून बघितलं, पोरीचं डोकं पुस्तकात आहे, आपला जीव भांड्यात पडला. त्या डोक्यात काय चाललंय ते फटीतून दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचलेलं पान सोपं वाटतं, आठव्यांदा वाचलेलं तर घरचंच वाटतं, आणि मुलांना वाटतं की आपल्याला ते येतं. बसस्टँडवर एखादा चेहरा बघून आपण हसतो, हात करतो, आणि बस सुटल्यावरही त्याचं नाव सापडत नाही, तशीच गत. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. परीक्षेत चारही पर्याय ओळखीचे वाटतील असेच दिलेले असतात. तिथे नुसती ओळख घात करते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावावा असा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत वाचत राहायचं. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचायचा, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा न बघता जे आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं. पहिल्या गटाचं सरासरी चौदा वेळा वाचून झालं, दुसऱ्याचं तीन-साडेतीन वेळाच. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना ६१ टक्के.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची. आपल्याला किती आठवेल असा अंदाज आधी विचारला होता, तेव्हा वाचणाऱ्यांचाच विश्वास जास्त होता.

माझी भाची हीच आहे. रात्री झोपताना तिला वाटतं, झालं. आठवड्याच्या टेस्टला बसते आणि रडते. मग ताई मला फोन करते, "अरे, इतका अभ्यास करून मार्क का येत नाहीत रे हिला?"

आणि ते मार्कर! २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती एकेक करून तपासल्या. त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती तळाच्या निघाल्या. वर राहिल्या दोनच: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने वाटून करणं. घरातले मार्कर कपाटात ठेवा. त्या पैशाच्या पाठकोऱ्या वह्या आणा.

* * *

आता करायचं काय, ते सांगतो. एक धडा वाचावा, एकदाच, पण सावकाश. पुस्तक मिटावं. कोऱ्या पानावर आठवेल ते सगळं लिहावं: आकृती, आकडे, नावं, काय कशामुळे होतं ते. हात अडखळेल, डोकं तापेल, पानभरही लिहून होणार नाही आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. त्या अडखळण्यातच लक्षात राहण्याचं काम होत असतं. तिथून उठून जाऊ नये. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने त्याच पानावर भरावं. उद्या पुन्हा कोरं पान घ्यावं. चार दिवसांनी पुन्हा, पंधरवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. पानावरचं लाल कमी होत जातं ते डोळ्यांनी दिसतं. तास मोजायची ज्यांना सवय आहे त्या आईबापांनी हे लाल मोजावं.

अंतर ठेवण्याचं मर्म दाजींना वेगळं समजवावं लागत नाही. त्यांच्या हळदीला ठिबक आहे. लाइट आली म्हणून आठ दिवसांचं पाणी ते एका रात्रीत सोडत नाहीत, कारण पाणी तुंबलं की कंद कुजतो. त्याच दाजींना पोरीने दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांत अख्खी अकरावी 'काढावी' असं वाटतं.

अकरावी हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. दहावीला पोरं दमतात, बारावीला बोर्ड असतं, आणि मधलं वर्ष कॉलेजातच पास होतं म्हणून कुणी त्याला भीक घालत नाही. पण 'नीट'चा पेपर अकरावी-बारावी दोन्हींवर असतो. वनस्पतींचं वर्गीकरण, प्राण्यांचे संघ, बल आणि गती, मोलची गणितं, हे सगळं अकरावीचं. आमच्या किडनीचा धडाही एनसीईआरटीच्या अकरावीतलाच. अकरावीच्या जूनमध्ये वाचलेलं बारावीनंतरच्या मे महिन्यात विचारणार आहेत. मधल्या तेवीस महिन्यांत त्याला एकदाही हात लागला नाही, तर ते उडून जाणारच. हर्मान एबिंगहाउसने १८८५ सालीच हे स्वतःवर मोजून दाखवलं होतं: निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरली ते लिहून ठेवायचं. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीची कोऱ्या पानावरची दहा मिनिटं महिन्याभरानंतरच्या दोन तासांपेक्षा मोलाची आहेत.

पाठांतराला माझा विरोध नाही. आपण पाढे म्हणत मोठे झालो आणि पाढे आठवूनच म्हणतात, बघून म्हणत नाहीत. घोकण्यात खोट आहे ती वेगळीच. भाचीच्या खोलीत पलंगाच्या उशाशी भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. एका चिठ्ठीवर किडनीचा गाळण्याचा वेग लिहिलाय, 'जीएफआर: मिनिटाला १२५ मिली.' बाजूच्या चिठ्ठीवर, 'दिवसाला १८० लिटर.' दोन वेगळ्या रंगांचे कागद, दोन वेगळी पाठांतरं. मी म्हटलं, "या दोघींचं नातं काय?" तिने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, "गुणाकार कर. तासाची मिनिटं साठ, दिवसाचे तास चोवीस." तिने केला. १२५ गुणिले १४४०. बरोबर १ लाख ८० हजार मिली, म्हणजे १८० लिटर. ती हसली. दीड वर्षात अभ्यास करताना तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोनातली एक चिठ्ठी तिने काढून टाकली.

* * *

भौतिकशास्त्राचं नाव काढलं की मराठवाड्यातली निम्मी पोरं खाली बघतात. "फिजिक्सचे ४५ जाऊ द्या मामा, बायोचे ९० पक्के करते." मी हे भाचीकडूनही ऐकलं आणि शेजारच्या खोलीतल्या दोघींकडूनही. तुला ही सूट कुणी दिली? १८० प्रश्नांतले ४५ म्हणजे ७२० गुणांतले १८०. शिवाय जीवशास्त्र सगळ्यांचंच चांगलं असतं, तिथे पुढे निघायला जागा थोडी. २०२५ च्या पेपरात भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना रडवलं आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुणसुद्धा ६८६ वर थांबले. आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० ची रांग लागली होती.

भौतिकशास्त्रात पोरं कुठे फसतात ते बघायला फार लांब जावं लागत नाही. ती सोडवलेली उदाहरणं वाचतात. "बघितलं की कळतं, स्वतः केलं की अडतं," असं त्यांचं म्हणणं असतं. बघितल्यावर कळणारच! दुसऱ्याने पोहलेलं काठावरून कळतंच की. उत्तरावर वही ठेवून झाका, दहा मिनिटं झगडा, अडलात तर एकच ओळ उघडा, पुन्हा झाका.

दुसरी फसगत क्लास करतात. सोमवारी 'वर्क-एनर्जी' शिकवलं की बुधवारी 'वर्क-एनर्जी'ची टेस्ट. प्रश्न वाचायच्या आधीच पोराला ठाऊक असतं की कुठलं सूत्र लावायचं. मार्क छान येतात, आईबाप खूश, क्लासही खूश. मे महिन्यातल्या पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. उतारावरून ठोकळा घसरतोय, इथे न्यूटनचा नियम लावू की ऊर्जेचा हिशेब मांडू, हे ठरवणं हाच निम्मा प्रश्न असतो आणि त्याचा सराव कुणी करूनच घेतलेला नसतो. म्हणून मी त्या दिवशी भाचीच्या जुन्या टेस्ट घेतल्या, कात्रीने कापून वीस प्रश्न वेगळे केले, स्टीलच्या डब्यात टाकून हलवले. सोडवायचे नाहीत. एकेक चिठ्ठी काढायची आणि नुसतं सांगायचं: कुठला धडा, कुठून सुरुवात. विसातले नऊ बरोबर आले. यातले बहुतेक प्रश्न तिने त्या त्या टेस्टमध्ये बरोबर सोडवले होते.

* * *

टेस्टचा निकाल लागला की घरात एकच प्रश्न विचारला जातो: किती पडले? दुसरा असलाच तर: नंबर कितवा? क्लासच्या दारावर यादी लागते, तिच्यावरून बॅच बदलतात आणि वरच्या बॅचला चांगले सर मिळतात. खालच्या बॅचमधल्या पोरांना चांगल्या शिकवण्याची गरज जास्त असते. त्यांनीही तेवढीच फी भरलेली असते, त्यांच्या आयांनीही गाव सोडलेलं असतं. मला हे उघड अन्यायाचं वाटतं.

टेस्ट कशासाठी असते हेच आपण विसरलो. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात, आणि त्या पॅटर्नच्या मुळाशी प्रश्नपत्रिका होत्या. सोडवून घ्यायच्या, तपासून द्यायच्या, चुकलेलं पुन्हा करून घ्यायचं. तपासणाऱ्या मास्तरांचं बोट चुकीवर असायचं. आज त्या पॅटर्नमधले लोकांनी उचलले ते फक्त तास.

भाचीला मी एक जाड वही आणून दिली. चुकांची वही. टेस्टमधला प्रत्येक चुकलेला प्रश्न तिच्यात लिहायचा आणि समोर दोनच शब्दांत कारण लिहायचं: 'माहीत नव्हतं', 'आठवलं नाही', किंवा 'वाचलं नाही'. पहिल्याच टेस्टच्या ३८ चुकांत 'वाचलं नाही' अकरा वेळा आलं. 'खालीलपैकी अयोग्य विधान कोणते' यातला 'अ' नजरेतून सुटला होता, किंवा जोड्या लावताना स्तंभ उलटे वाचले होते. अकरा प्रश्न म्हणजे गेलेले चव्वेचाळीस आणि वर कापलेले अकरा. पंचावन्न गुण! त्यासाठी एकही नवा धडा वाचायची गरज नव्हती. प्रश्नातल्या 'अयोग्य', 'वगळता', 'केवळ' या शब्दांभोवती पेनने गोल करायची सवय तेवढी लावायची होती. या परीक्षेत रंगवायचंच असेल तर ते प्रश्नपत्रिकेवर.

उणे गुणांबद्दलही पोरांना अर्धवट सांगितलं जातं. राज्याच्या सीईटीला चुकीचे गुण कापत नाहीत, 'नीट'ला कापतात, म्हणून क्लासमध्ये दरडावतात: शंका आली की सोडून द्या. हिशेब करून बघू. बरोबरला चार, चुकीला उणे एक. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील असे वीस प्रश्न घेतले, तर सरासरी पाच बरोबर येतील, वीस गुण. पंधरा चुकतील, उणे पंधरा. हाती पाच, तेही नशीब सरळ असलं तर. त्यासाठी गोळे रंगवण्यात वेळ घालवू नये. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं असेल असे वीस प्रश्न असतील, तर सरासरी दहा बरोबर, चाळीस. दहा चूक, उणे दहा. हाती तीस! अर्धं येत असलेलं सोडून देणं म्हणजे पिकलेलं उभं सोडणं. तरी कुठल्या प्रश्नाला हात घालायचा हे त्या दिवशी तिथे बसून ठरत नाही. घरच्या सरावात प्रत्येक अंदाजावर खूण करायची आणि आपले अंदाज किती खरे निघतात ते महिनाभर बघायचं. कुणाचे दहातले सात खरे होतात, कुणाचे दोन. आपण कुठले, ते वहीतूनच कळतं.

* * *

झोपेवर भांडण झालं. ताई म्हणते, शेजारणीची पोरगी रात्री दोनपर्यंत जागते. मी म्हटलं, पेपर रात्री दोनला नाही, दुपारी दोनला आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मराठवाड्याच्या उन्हात. दीड वाजता केंद्राचं दार बंद होतं, दोन ते पाच १८० मिनिटांत १८० प्रश्न. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्रीचे तीन तास कापले की दिवसाच्या अभ्यासातलंच काही कापलं जातं. आणि वर्षभर दुपारी जेवून डुलकी घेणारी पोरगी त्या एका दुपारी अचानक टक्क जागी कशी राहणार? शेवटचे तीन महिने दर रविवारी दुपारी दोनलाच सराव पेपर द्यायचा. मोबाइलवर नाही, कागदावर, काळ्या बॉलपेनने गोळे रंगवत. १८० गोळे रंगवायलाच किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून बघा.

रिपीटर मुलांशी मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. वर्ष वाया गेल्याची भावना आधीच छातीवर असते, त्यात नातेवाईक. तुम्ही पुन्हा बसताय, बसा, पण गेल्या वर्षी केलं तेच यंदा जास्त वेळ करणार असाल तर उत्तर बदलणार नाही. पहिल्या आठवड्यात एकही पुस्तक उघडू नका. गेल्या वर्षीचा पेपर कोऱ्या पानावर सोडवा आणि चुकांची वही भरा. तुमचं वर्ष कुठे गेलं ते तिथे लिहिलेलं सापडेल.

आता मोठ्यांना. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमावली काढली, की सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊ नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या फसव्या जाहिरातींवर बंधनं घातली. तरी आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' बॅचचे फलक चौकाचौकांत उभे आहेत. तेरा वर्षांच्या पोराला 'नीट'ची बॅच लावण्याआधी त्याच्याशी बोलून बघा, त्याच्याकडून वाचून घ्या, शेतातली चार पानं आणून त्यांच्या शिरा दाखवा. भौतिकशास्त्राचा पाया म्हणाल तर तो अपूर्णांकांत आणि गुणोत्तरांत असतो, आणि ते गावच्या शाळेतही मिळतं.

आणि हेही पोरांपासून लपवू नका. २०२५ ला बावीस लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपासच सरकारी. उत्तम अभ्यास करूनही जागा हुकू शकते. परीक्षा घेणारेही चुकतात: २०२४ मध्ये हजारीबाग-पाटण्याला पेपर फुटला. त्याच पेपरात अणूवरच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली गेली, कारण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत एक वाक्य वेगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांना विचारलं, एकच उत्तर ग्राह्य ठरलं आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. पूर्ण गुण घेऊन पहिले आलेल्या ६७ जणांतले शेवटी १७ राहिले. छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या मुलांचा मला आजही कळवळा येतो. हे सगळं पोरीला माहीत असावं, म्हणजे निकालाच्या दिवशी सगळा दोष ती स्वतःच्या माथी मारून घेणार नाही.

* * *

निघायच्या आधी ताई भाकरी थापत होती. एका खोलीत गॅस, पलंग, टेबल, देव सगळं. मी भाचीला म्हटलं, "आता हे आईला समजावून सांग. आपल्या वसमतच्या बोलीत. इंग्रजी शब्द आला तर त्याचा अर्थ सांगायचा."

दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकात पडलेल्या मुलांसाठी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. २०१७ पासून 'नीट'चा पेपर मराठीतही मिळतो, पण आपल्याकडे विज्ञानाची अकरावी-बारावी चालते इंग्रजीत, म्हणून पोरं इंग्रजी वाक्यं पाठ करतात आणि समजून घ्यायचं राहून जातं.

ती सुरुवातीला लाजली. मग म्हणाली, "आई, किडनी म्हणजे चाळणी समज. मिनिटाला सव्वाशे मिली पाणी गाळते. दिवसाचं एकशे ऐंशी लिटर."

ताईचा हात परातीतच थांबला. "एकशे ऐंशी लिटर? आपला खालचा ड्रम दोनशेचा हाय. एवढं पाणी माणसाच्या अंगात असतं तरी का?"

भाची गप्प झाली. तिने हा प्रश्न कुठल्याच टेस्टमध्ये पाहिला नव्हता. हात आपोआप पुस्तकाकडे गेला. ताईने पिठाच्या हाताने ते पुस्तक बाजूला सरकवलं आणि भाकरी तव्यावर टाकली. "बघून नको सांगू. घे वेळ."

तव्यावरची भाकरी उलटून झाली. भाचीने पाठकोऱ्या कागदावर पुन्हा ती नळी काढली, बोट ठेवून वाटीपासून खाली गेली, वेढ्यातून वर आली, आणि नळीभोवतीच्या रक्तवाहिन्यांपाशी थांबली.

"आई," ती म्हणाली, "तेच पाणी आहे. गाळलं की परत रक्तात घेते, परत गाळते. बाहेर टाकते दीडच लिटर."

"मग तसं म्हण की," ताई म्हणाली. "आणि परत घेती ते कुठनं?"

भाचीने पेन्सिल उचलली.